शर्टवरचा ४० म्हणजे छाती नव्हे, गळा!
अरे किती वर्षं हेच ऐकतोय, 'माझी छाती ४० इंच, म्हणून ४० नंबरचा फॉर्मल शर्ट द्या'. तो आकडा छातीचा नाहीच मुळात! आपल्याकडच्या रेडीमेड फॉर्मल शर्टवर ३८, ३९, ४०, ४२, ४४ असं लिहिलेलं असतं ना, ते कॉलरचं माप आहे आणि तेही सेंटीमीटरमध्ये. ४० म्हणजे साधारण पावणेसोळा इंच गळा. घरातला एखादा शर्ट काढा, कॉलर सपाट उलगडा आणि बटणापासून पलीकडच्या काजापर्यंत टेप लावून बघा, आकडा जुळेल.

घोळ होणारच म्हणा, कारण कुर्त्यावरचा ४० बहुतेक वेळा खरंच छातीचे इंच असतो, बनियनवरचा ९० म्हणजे छातीचे सेंटीमीटर, आणि टेलर सगळंच इंचात मोजतो.

म्हणून आधी गळा मोजा, कॉलर जिथे बसते तिथे, टेपच्या आत एक बोट ठेवून. वरचं बटण लावल्यावर गळा आवळला तर नंबर वाढवा, पण गळा नीट बसून फक्त पोटावर ताणत असेल तर नंबर तोच ठेवून स्लिम फिटऐवजी रेग्युलर मागा, नाहीतर टाय लावल्यावर कॉलर गळ्यापासून सुटलेली दिसते.