मऊ ताट, उपाशी जिवाणू

वय झालं की ताट मऊ होत जातं. कवळी टोचते म्हणून आधी गाजर-काकडी जाते, मग सालासकट फळं, मग ‘वायू होतो’ म्हणून कडधान्यं. शेवटी उरतं ते उकडून, गाळून पातळ केलेलं. घरच्यांना बरंच वाटतं, पचायला हलकं आहे ना! पण हे हलकं अन्न जवळजवळ सगळं लहान आतड्यातच शोषलं जातं. पुढे मोठ्या आतड्यात जिवाणूंची पंगत बसलेली असते, तिच्या पत्रावळी कोऱ्याच राहतात.

पंगतही लहानसहान नाही. २०१६ मध्ये केलेल्या हिशेबानुसार ७० किलोच्या माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. सगळ्यांचं मिळून वजन मात्र पावशेरही भरत नाही.

आपल्याला न पचणारा चोथा हे त्यांचं अन्न. तो आंबवून फीकॅलिबॅक्टेरियमसारखे जिवाणू ब्युटिरेट नावाचं छोटंसं आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन हेच. रक्तातल्या साखरेवर त्यांची फारशी भिस्त नसते. चोथा आटला की हे इंधन आटतं, आणि काही जिवाणू तर भुकेपोटी अस्तरावरचा संरक्षक बुळबुळीत थरच खायला लागतात. अस्तराचे सांधे सैल झाले की जिवाणूंचे तुकडे रक्तात झिरपतात आणि अंगात मंद दाह धुमसत राहतो. ना ताप, ना कुठे दुखणं, पण स्नायू झिजायला हातभार लागतो.

हे आतड्यातूनच सुरू होऊ शकतं, याचा चांगला पुरावा उंदरांनी दिला. जन्मापासून जिवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांमध्ये म्हातारपणीही हा दाह वाढला नाही. त्यांना सामान्य म्हाताऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यात ठेवलं तेव्हा मात्र वाढला. तरुण उंदरांच्या सोबतीने तसं झालं नाही.

माणसांचं चित्र जास्त गुंतागुंतीचं आहे. डॉक्टर ज्याला दुर्बलता म्हणतात, तिची पाच लक्षणं २००१ पासून प्रचलित आहेत : नकळत घटलेलं वजन, थकवा, मुठीची सैल पकड, मंदावलेली चाल, कमी हालचाल. तीन दिसली की माणूस दुर्बल. आयर्लंडमध्ये १७८ ज्येष्ठांची तपासणी झाली (२०१२), तेव्हा कायम शुश्रूषागृहात राहणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंचं वैविध्य कमी आढळलं. जेवणही एकसुरी होतं आणि तब्येतही ढासळलेली होती. आता आधी काय बिघडलं? माझ्या मते हा प्रश्नच थोडा फसवा आहे. चालणं थांबलं की आतडं मंदावतं, बद्धकोष्ठता होते, भूक मरते, ताट आणखी मऊ होतं. चक्राला सुरुवात कुठली?

त्यात औषधं. पित्ताच्या गोळ्यांनी जठरातलं आम्ल कमी होतं, मग तोंडातले जिवाणू जिवंतपणी आतड्यात पोचतात. अँटिबायोटिकनंतर क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल हा जिवाणू माजून होणारे जुलाब तर वृद्धांना थेट रुग्णालयात नेतात.

मग जिवाणूंच्या खाद्याची डब्यातली पावडर घ्यावी का? ब्रिटनमध्ये साठीपुढच्या जुळ्यांच्या ३६ जोड्यांवर प्रयोग झाला. बारा आठवडे असं खाद्य दिल्यावर बिफिडोबॅक्टेरिया हे उपयोगी जिवाणू वाढले, आकलनाच्या चाचण्यांत गुणही सुधारले. खुर्चीतून उठण्याचा वेग मात्र तसाच राहिला. युरोपातल्या पाच देशांत ६५ ते ७९ वयाच्या ६१२ जणांच्या अभ्यासात वर्षभर भाज्या, कडधान्यं, अख्खी धान्यं, मासे असा आहार सुचवला गेला. ज्यांनी तो नीट पाळला, त्यांच्या जिवाणूंतले बदल कमी दुर्बलतेशी आणि कमी दाहाशी जुळले. ही माणसं अजून खचलेली नव्हती, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. तरी मी डब्यापेक्षा ताटावर भरवसा ठेवेन.

ताट मऊ असायला हरकत नाहीच. अन्न वाटलं, घुसळलं तरी चोथा शिल्लक राहतो. तो जातो गाळणीत. म्हणून वाटा, पण गाळू नका. चोथा वाढवताना चमच्या-चमच्याने वाढवा, नाहीतर पोट फुगतं आणि चौथ्या दिवशी माणूस तो खाणंच सोडून देतो. सोबत पाणी हवंच. म्हातारपणी तहान मंदावते, आणि पाण्याविना चोथा आतड्यात आणखी घट्ट बसतो. गिळताना ठसका लागत असेल किंवा आतड्याचं ऑपरेशन झालेलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि टोचणारी कवळी दाखवून घ्या. ताट मऊ व्हायला सुरुवात तिथूनच झाली होती.