नाव झाकणं आणि नाव बदलणं

इंदूरला रामबागेत माझं मेडिकल आहे. एका संध्याकाळी एक ड्रायव्हर पर्चा घेऊन आला. अल्प्राझोलाम, म्हणजे घबराटीवर, झोपेसाठी देतात ती गोळी; अर्धा मिलिग्रॅम, ३० गोळ्या. वर नाव त्याचंच, वय ३४.

"झोप येत नाही का रे?"

"मला कसली, काका! साहेबांच्या आहेत. डॉक्टर म्हणाले, त्यांचं नाव नको."

साहेब कोण, ते बाहेर उभ्या गाडीवरून अख्ख्या गल्लीला कळलं होतं. डॉक्टरांना मात्र आपण गुप्तता पाळली असंच वाटत असणार.

गुप्तता म्हणजे तोंड बंद ठेवणं. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे रुग्णाकडून कळलेलं बाहेर काढायचं नाही. कोर्टाचा हुकूम, कुणाला गंभीर धोका, सरकारला कळवायचे आजार, एवढेच काय ते अपवाद. मानसिक आजारात तर २०१७ च्या कायद्याने रुग्णाच्या संमतीशिवाय माध्यमांना फोटोही देता येत नाही. मंत्री असो की हमाल, नियम एकच. खोलीवर पाटी न लावणं, फाइल मोजक्याच लोकांच्या हाती ठेवणं, हे सगळं त्यातच आलं.

पर्च्यावर दुसऱ्याचं नाव घालणं हा निराळाच प्रकार. औषध ज्याच्यासाठी, त्याचं नाव-पत्ता पर्च्यावर लागतो. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-वनमधलं, म्हणजे जास्त नजर ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीतलं, म्हणून डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या आम्ही वेगळ्या रजिस्टरात लिहितो आणि ते ३ वर्षं सांभाळतो. तिथे ड्रायव्हर लिहिला की साहेबांची पाटी कोरी. उद्या दुसऱ्या डॉक्टरने खोकल्याला कोडीन दिलं, वर रात्रीचा पेग, तर श्वास मंदावू शकतो, आणि ते अडवायला कागदावर काहीच नाही. उतारवयात ही गोळी कमीच द्यायची असते. ३४ वाचून मी ती बिनदिक्कत बांधून दिली असती. ड्रायव्हरच्या नावावर न खाल्लेल्या गोळ्या चढल्या असत्या, ते वेगळंच.

अमेरिकेत ॲना निकोल स्मिथ ही प्रसिद्ध मॉडेल २००७ मध्ये अनेक औषधं एकत्र पोटात गेल्याने वारली. तिची औषधं भलत्याच नावांवर लिहिलेली होती. खटल्यात बचाव हाच, की तिचं खासगीपण जपायला हे केलं. एक डॉक्टर २०१० मध्ये सगळ्या आरोपांतून सुटलेही. सुटोत बापडे. पण असे पर्चे समोर आले तर बाईच्या पोटात एकूण काय काय जातंय, हे काउंटरमागच्या माणसाने ओळखायचं कसं?

मी डॉक्टरांना फोन लावला. आधी ते चिडले, मग म्हणाले, "पाठवतो दुसरा." तासाभराने आला: खरं नाव, वय ६८, पाव मिलिग्रॅम, १० गोळ्या. रजिस्टरात नोंद केली आणि ते खणात ठेवून कुलूप लावलं.

सकाळी शेजारचा पोहेवाला विचारतो, "काका, काल ती गाडी कशाला आली होती?"

"कोणती गाडी?"