पार्श्वभूमी : पर्माकल्चरच्या आधीचे इंदूरचे खड्डे

‘पर्माकल्चर’ म्हणजे जमीन, पाणी, झाडं आणि जनावरं यांची एकत्र आखणी करून केलेली टिकाऊ शेती. ही संकल्पना बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात मांडली. त्यांचं पहिलं पुस्तक १९७८चं. आपल्या इंदुरात तिची चर्चा होते तेव्हा ती अगदी नवी, परदेशातून आल्यासारखी होते. मला ते अर्धंच खरं वाटतं.

१९२४मध्ये ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड बिहारमधल्या पुसाहून इंदूरला आले आणि होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर त्यांनी वनस्पती-संशोधन संस्था उभारली. माळव्याची काळी जमीन कापसाला उत्तम, पण शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जात, त्यामुळे खत कायम अपुरं. हॉवर्डनी मग शेतात वाया जाणाऱ्या वस्तूंकडे मोर्चा वळवला. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, कुजायला फार चिवट, म्हणून त्या रस्त्यावर पसरायच्या, बैलगाड्यांच्या चाकांखाली चेचल्या जायच्या. मग हाच काडीकचरा गोठ्यात गुरांखाली अंथरायचा. नंतर शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांच्यासह उथळ खड्ड्यात थर लावायचे, पाणी शिंपडायचं आणि हवा खेळावी म्हणून तीनदा उलथायचं. साधारण तीन महिन्यांत खत तयार. हीच जगभर गाजलेली ‘इंदूर पद्धत’.

१९३१मध्ये तिच्यावर पुस्तक आलं, त्यावर दोन नावं आहेत : हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड. पहिलं नाव जगाने लक्षात ठेवलं. दुसरं इंदूरच्या मराठी माणसांनीही विसरावं, हे जरा अतिच झालं! १९३५मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या गांधीजींनीही या पद्धतीत रस घेतला होता. पुढे इंग्लंड-अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या चळवळींनी हॉवर्डना गुरुस्थानी मानलं.

हॉवर्ड म्हणजे पर्माकल्चर नव्हे, हेही खरं. त्यांचा भर मातीवर होता. मॉलिसन-होमग्रेन यांनी आखणी पुढे आणली. उतार कुठे, पावसाचं पाणी कुठे अडवायचं, सावली कोणाची, बहुवर्षायू झाडं कुठे, कोंबड्या कुठे, हे सगळं एकत्र पाहायचं. चार महिने पाऊस आणि उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन असलेल्या माळव्यात हा विचार उपयोगाचाच आहे.

दोन्हींचा एक समान पूर्वजही आहे. अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी चीन, कोरिया आणि जपानमधल्या टिकाऊ शेतीवर लिहिलेलं पुस्तक १९११मध्ये आलं. हॉवर्डनी त्यातून प्रेरणा घेतली, पुढे पर्माकल्चरवाल्यांनीही. आणि आखणी तरी पूर्ण नवी कुठे होती? इंदूरचे खड्डे गोठ्याला लागूनच खणलेले असत, म्हणजे शेण-मूत दूर वाहून न्यायला नको.