खिडक्यांना सरकारी मदत मिळते का? जुनी खिडकी काढण्याआधी हे वाचा

पूर्वी आमच्या बेळगावकडच्या खिडक्यांच्या दुकानात आल्यावर लोक काच किती मिमीची, सेक्शन म्हणजे चौकटीची धातूची पट्टी कुठली, पावडर कोटिंग टिकतं का, असं विचारायचे. आता निम्मे जण पायरीवरूनच विचारतात, "खिडक्या सबसिडीत बसत्यात काय हो?" गर्दीच्या वेळी आमच्याकडून उत्तर अर्धवट दिलं जातं. ते अर्धवट उत्तर घेऊन माणूस घरी जातो आणि नेमकं नको ते करून बसतो. म्हणून हा कागद छापला आहे. कोटेशनसोबत प्रत्येकाला देतो. वाचून शेजाऱ्याला दिलात तरी चालेल.

आधी कडू ते सांगून टाकतो. घर पक्कं आहे, फक्त खिडक्या कुजल्या किंवा गंजल्या आहेत आणि त्या बदलायला सरकारनं पैसे द्यावेत, अशी योजना आपल्याकडे नाही. केंद्राची नाही, कर्नाटक सरकारचीही नाही. मोबाईलवर "सरकार देणार नव्या खिडक्या" असे व्हिडिओ फिरतात, त्यातले बरेचसे अमेरिकेतले, वरून हिंदी आवाज चढवलेले. तिकडे 1976 पासून कमी उत्पन्नाच्या घरांत थंडी शिरू नये म्हणून सरकारी खर्चानं डागडुजी करून देतात. 2025 अखेरपर्यंत खिडक्यांवर आयकरातही 600 डॉलरपर्यंत सूट होती. तो तिकडच्या बर्फाचा हिशेब झाला. आपल्याकडे खिडकीतून बर्फ येत नाही, आडवा पाऊस येतो, आणि त्याच्यासाठी अजून कुणी योजना काढलेली नाही. सोलरचे 78,000 रुपये मिळतात ते खरं, पण ते छतावरच्या पॅनेलला. तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठं सोलर बसवलं तर. खिडकीवर बसवलेल्या सोलर पट्टीला मिळत नाहीत. हेही एकानं विचारलं होतं.

म्हणजे काहीच नाही असं नव्हे. खिडकीपर्यंत सरकारी पैसा पोचतो, पण घराच्या पाठीवर बसून.

नवीन घर बांधत असाल तर

खेडेगावात पंतप्रधान आवास योजना ग्रामीणमधून सपाटीच्या भागात घराला 1 लाख 20 हजार मिळतात. घर निदान 25 चौरस मीटरचं हवं, म्हणजे साधारण 270 चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसह. पैसे थेट बँक खात्यावर येतात. राज्याची बसव वसती योजना आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी डॉ. आंबेडकर निवास योजना आहे. त्यांची यादी ग्रामसभेत ठरते आणि कारभार बेंगळूरच्या राजीव गांधी ग्रामीण वसती निगमातून चालतो. शहरात पंतप्रधान आवास शहरी 2.0 सप्टेंबर 2024 पासून सुरू आहे. तिच्यात वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना स्वतःच्या जागेवर घर बांधायला मदत मिळते. या दोन्ही पंतप्रधान योजनांत एक अट मात्र सारखीच: कुटुंबाच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर नसावं. गावी वडिलार्जित स्लॅबचं घर असेल आणि बेळगावच्या वडगावात जागा घेऊन अर्ज टाकला असेल, तर आमच्याकडे खिडकीचं कोटेशन मागण्याआधी ते बघा.

यातल्या रकमेत खिडक्यांचं वेगळं खातं नसतं. खिडकी लाकडी घ्या, सिमेंट चौकटीची घ्या, झेड सेक्शनची लोखंडी घ्या किंवा अॅल्युमिनियमची घ्या, कुणी अडवत नाही. घर तुम्ही स्वतः बांधायचं आहे, ठेकेदार वरून येत नाही. "पंचायतीनं सांगितलंय, अमक्या दुकानातूनच घ्या" असं कुणी म्हणालं तर ते पंचायतीचं म्हणणं नव्हे, त्या दुकानाचं आहे. आम्हीसुद्धा कुणाला तसं सांगायला लावलेलं नाही.

सीमेवरचा आणखी एक घोळ इथंच सांगतो. चंदगडच्या पाहुण्याला रमाई आवास मिळालं, कागलच्या मेव्हण्याला मोदी आवास घरकुल मिळालं, मग आम्हाला का नाही? कारण त्या महाराष्ट्राच्या योजना आहेत आणि घर जिथं उभं राहतं तिथल्या सरकारची योजना लागते. सीमाभागातल्या 865 गावांना महाराष्ट्रानं आरोग्य योजना लागू केली, त्यावरून घरकुलही येईल असं धरून बऱ्याच जणांनी इकडचा अर्ज लांबवला. मन कुठंही असू दे, उतारा ज्या पंचायतीचा, अर्ज त्या पंचायतीत.

पावसानं नुकसान झालं असेल तर

ज्या चुकीपायी आमचे आणि तुमचे सगळ्यात जास्त हेलपाटे होतात, ती इथली. ती आमच्या हातूनही झालेली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला तो सगळ्यांना आठवतो. खानापूर तालुक्यातल्या एका घराची पश्चिमेची मातीची भिंत खिडकीसकट आत आली. घरात म्हातारी आणि दोन लहान मुलं. आम्हाला फोन आला, आमच्यातही माणुसकी आहे, तिसऱ्या दिवशी गाडी काढून गेलो. आमच्याच गवंड्यानं चिऱ्याची भिंत उभी केली, खिडकी बसवली, कडेनं सिलिकॉन मारलं. कुजलेली जुनी चौकट पोरांनी फोडून चुलीत घातली, कारण वाळलेलं लाकूड दुसरं नव्हतंच. आठव्या दिवशी पंचनाम्याला माणसं आली. त्यांना काय दिसलं? नवी कोरी भिंत आणि पांढरी शुभ्र खिडकी, तिच्या काचेवरचा कंपनीचा स्टिकरसुद्धा निघालेला नव्हता. त्यांनी लिहिलं, नुकसान नाही. त्यांना दोष कसा देणार? त्या वर्षी सरकारनं पूर्ण पडलेल्या घराला 5 लाख जाहीर केले होते आणि कमी पडझडीलाही मदत होती. या घराला दमडी मिळाली नाही. घरमालक आमच्याकडे चार वेळा पत्र मागायला आले, "भिंत पडली होती असं लिहून द्या." दिलं लिहून. उपयोग झाला नाही. आमच्या लेटरहेडवर पंचनामा होत नाही.

तेव्हापासून आमचा नियम आहे: पावसाच्या नुकसानीचं काम असेल तर पंचनामा झाल्याशिवाय, निदान फोटो नीट निघाल्याशिवाय, आमचा माणूस छिन्नी लावत नाही. लोक रागावतात. "पैसे आम्ही देतोय, तुमचं काय जातंय?" आमचं फार जात नाही. जातं ते तुमचं, आणि नंतर ते मागायला तुम्ही आमच्याच दारात येता.

फोटो कसा काढायचा तेही सांगतो, कारण लोक खिडकीला नाक लावून काढतात आणि कुजलेल्या लाकडाचा तुकडा दिसतो. तो कुणाच्याही घरचा असू शकतो. दहा-बारा पावलं मागं सरका. पूर्ण भिंत, छप्पर आणि जमलं तर दारावरचा घर नंबर एकाच फोटोत आला पाहिजे. मग एक आतून, एक जवळून. मोबाईलमध्ये जीपीएस कॅमेरा टाकून घेतला तर फोटोवर तारीख आणि जागा आपोआप उमटते. त्याच दिवशी पंचायतीत किंवा तलाठ्याकडे लेखी कळवा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पडलेला पल्ला, मोडलेले गज, बिजागऱ्या फेकू नका, भिंतीला टेकवून ठेवा. पाऊस आत येत असेल तर आतून ताडपत्री बांधा. ताडपत्री नसेल तर आमच्याकडून काचेच्या पॅकिंगचा जाड प्लास्टिक कागद घेऊन जा, त्याचे पैसे घेत नाही.

आता अपेक्षा किती ठेवायची? आपत्ती निवारण निधीच्या 2022-26 च्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाटीवर 1 लाख 20 हजार होते. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्याला 4,000, तेही घराचं निदान 15 टक्के नुकसान असेल तर. राज्य सरकार वरून भर घालतं, जशी 2019 ला घातली. पण नुसती एक खिडकी उडाली तर 15 टक्के भरत नाहीत, हे लक्षात ठेवा. आणि भरले तरी साडेसहा हजारांत आमच्याकडची चार बाय चारची साधी दोन ट्रॅकची एक खिडकी जेमतेम होते. म्हणून एकट्या खिडकीसाठी तलाठ्यामागं पंधरा दिवस फिरू नका. भिंत, छप्पर, खिडकी असं सगळं मिळून नुकसान असेल तरच थांबण्यात अर्थ आहे.

तीच चूक नवीन घरात

घरकुलाचा हप्ता टप्प्याटप्प्यानं येतो: पाया, लिंटल (दारं-खिडक्यांवरची आडवी तुळई), छत, मग घर पूर्ण. प्रत्येक टप्प्याचा फोटो जागेवर येऊन, जीपीएससह, अॅपवर चढवतात. मंजुरीचा आदेश हातात यायच्या आधीच उत्साहानं लिंटलपर्यंत बांधकाम नेलेले लोक आमच्याकडे येतात. मग पायाचा फोटो कुठून आणणार? लिंटल झाल्यावर पाया जमिनीतच राहतो. आदेश आला की पीडीओंना, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना विचारा, फोटो कधी, आणि त्याप्रमाणे गवंडी ठरवा.

खिडक्यांची ऑर्डरही त्याच हिशेबानं द्या. पहिलं माप लिंटल झाल्यावर घेतो, ते अंदाजासाठी. पक्कं माप गिलावा आणि खिडकीखालची (सिलची) ग्रॅनाइट पट्टी झाल्यावरच. "दोनदा कशाला येता, पेट्रोलचे पैसे काढता काय?" असं एका मावशींनी विचारलं. मावशी, गिलाव्यात बाजूला अर्धा इंच इकडेतिकडे झालं तर तयार खिडकी बसत नाही, आणि तुमच्या मापाला कापलेली खिडकी मला दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. शहराबाहेर माप घ्यायला 200 रुपये घेतो, ऑर्डर दिली की ते बिलातून वजा करतो.

कर्ज काढून करणार असाल तर

शहरी आवास 2.0 मध्ये गृहकर्जावर व्याज सवलत आहे, 25 लाखांपर्यंतच्या कर्जाला, जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार. पण ती घर घ्यायला किंवा बांधायला. दुरुस्तीला नाही. दुरुस्तीसाठी बँक, पतसंस्था किंवा सौहार्द सहकारी संस्था यांचं साधं कर्ज मिळतं. राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जावरचं व्याज जुन्या करपद्धतीत वर्षाला 30,000 पर्यंत वजा होतं, नव्या पद्धतीत होत नाही. नोकरदारांनी आपल्या सीएला एकदा विचारून घ्यावं.

बँकेला लागतं ते कोटेशन आम्ही देतो: जीएसटी नंबरसह, प्रत्येक खिडकीचं माप, सेक्शनची जाडी, काच आणि 18 टक्के जीएसटी वेगळा दाखवून. नाव मात्र आधारवर आहे तेच सांगा. उताऱ्यावर कानडीत एक, आधारवर इंग्रजीत दुसरं, आणि आमच्याकडे येऊन "बंडूअण्णा म्हणून लिहा" असं केलंत तर फाईल परत येते. येताना आधार आणि ई-स्वत्तुचा फॉर्म 9 (पंचायतीचा घर-जागेचा ऑनलाइन उतारा) किंवा शहरातला ई-खात्याचा उतारा आणा, आम्ही बघूनच नाव टाइप करतो. बाकी उत्पन्नाचा दाखला वगैरे नाडकचेरीत (महसूल कार्यालयात) किंवा ग्राम वन सेवा केंद्रात. अर्ज भरून देण्याचं काम आम्ही करत नाही, आम्ही खिडकीवाले.

दोन गोष्टी मागू नका. मागच्या तारखेचं बिल, आणि चाळीस हजारांच्या कामाचं सत्तर हजारांचं बिल. दोन-तीन गिऱ्हाइकं यावरून तुटली, तुटू देत.

अॅडव्हान्स 40 टक्के घेतो, कारण सेक्शन आणि काच आम्ही रोखीनं आणतो. "हप्ता आला की देतो" यावर काम धरत नाही. हप्ता कधी येईल हे पीडीओंनाही सांगता येत नाही. त्याऐवजी एक मार्ग आहे. आधी पश्चिमेच्या आणि स्वयंपाकघराच्या खिडक्या करून घ्या, बाकीच्या चौकटींना तात्पुरती जाळी मारून देतो, उरलेल्या खिडक्या सहा महिन्यांत त्याच भावानं. उचगावकडच्या एक अक्का कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार दर महिन्याला आणून देत होत्या. त्यांच्या तीन खिडक्या अशाच पूर्ण झाल्या.

आणि प्रत्येक वेळी पूर्ण खिडकीच बदलायची गरज नसते. जांबोटी, कणकुंबीकडच्या जुन्या घरांतल्या सागवानी चौकटी अजून लोखंडासारख्या आहेत. कुजतो तो खालचा पल्ला, पाणी साचून. चौकट ठेवून नुसते पल्ले, बिजागऱ्या आणि खाली पाणी निथळायला उतार करून दिला तर खर्च निम्म्याच्या आत येतो. आमचा सुतार येऊन बघून सांगेल. चौकटीत स्क्रू-ड्रायव्हर खुपसून बघायचा. आत गेला नाही तर चौकट चांगली आहे.

गणपतीच्या आधी पंधरा दिवस नवीन ऑर्डर घेत नाही, घेतलेल्याच पुऱ्या करतो. ज्यांना चतुर्थीला नवी खिडकी हवी असेल त्यांनी पक्कं माप श्रावण लागायच्या आत द्यावं.