‘अँबिशस’: मतांसाठी मारलेल्या फेरीतून आलेला शब्द

‘महत्त्वाकांक्षी’ या अर्थाने आपण सर्रास वापरतो तो ‘अँबिशस’ हा इंग्रजी शब्द मुळात इच्छेचा नव्हे, पायी फिरण्याचा आहे. लॅटिनमधील ‘अंबिरे’ या क्रियापदात ‘अंबि’ म्हणजे भोवती आणि ‘इरे’ म्हणजे जाणे; संस्कृतातील ‘अभितः’ आणि ‘एति’ ही त्यांचीच भाषाकुळातील भावंडे.

प्राचीन रोममध्ये पदासाठी उभा राहणारा गृहस्थ खडूने पांढराशुभ्र केलेला टोगा (रोमन पुरुषांचे सैल वस्त्र) पांघरून फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, उतरत असे. सोबतचा गुलाम समोरून येणाऱ्याचे नाव त्याच्या कानात सांगे, आणि तो जुनी ओळख असल्यासारखा त्या मतदाराचा हात हातात घेई. या फिरण्याला ‘अंबितिओ’ म्हणत. इंग्रजी ‘कँडिडेट’ त्याच पांढऱ्या वस्त्रावरून आला. आपला ‘उमेदवार’ मात्र फारसीतील आशेवरून.

ही फेरी फार काळ निर्मळ राहिली नाही. इ. स. पूर्व 358 मध्येच बाजारांतून आणि मेळाव्यांतून मते मागत हिंडण्याला आळा घालणारा कायदा झाला. पुढे याच धातूपासून बनलेला ‘अंबितुस’ हा शब्द निवडणुकीतील लाचखोरीच्या गुन्ह्याचे नाव ठरला. इ. स. पूर्व 63 मध्ये कॉन्सल, म्हणजे रोमच्या सर्वोच्च पदावर असलेल्या सिसेरो या वक्त्याने या गुन्ह्यासाठी 10 वर्षांच्या हद्दपारीची तरतूद करणारा कायदा आणला, आणि त्याच वर्षी या आरोपात सापडलेल्या मुरेना या राजकारण्याचे वकीलपत्र घेऊन त्याला निर्दोष सोडवले. शब्दाला चिकटलेला डाग किती जुना आहे, हे यावरून कळते.

फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात इंग्रजीत येताना पायपीट गळाली आणि मानाची, सत्तेची हाव तेवढी उरली. स्तुतीचा सूर त्या मानाने उशिराचा. मराठीत मात्र ‘महत्त्व’ आणि ‘आकांक्षा’ यांची संधी करून घडवलेला शब्द आज प्रामुख्याने कौतुकानेच उच्चारला जातो. वृत्तपत्रांत तर धरण आणि मेट्रोही ‘महत्त्वाकांक्षी प्रकल्प’ असतात. म्हणूनच शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये सीझर ‘अँबिशस’ होता हा त्याचा खून करणाऱ्या ब्रूटसचा आरोप सीझरचा मित्र अँटनी पुन्हापुन्हा उच्चारतो, तेथे ‘महत्त्वाकांक्षी’ हा प्रतिशब्द योजला तर त्यात खून करण्याजोगा अपराध तो कोणता, असा प्रश्न मराठी श्रोत्याला पडतो. तेथे ‘सत्तालोभी’ हाच शब्द मला मुळाच्या अधिक जवळचा वाटतो.