फोर-बाय-फोरला महागडीच बॅटरी लागते का?

ग्वाल्हेरच्या आपल्या मंडळींत वर्षानुवर्षं फिरणारा समज: फोर-बाय-फोरला, म्हणजे चारही चाकं ओढणाऱ्या गाडीला, महागडी एजीएम बॅटरीच (आम्ल काचतंतूंच्या थरांत शोषून ठेवलेली) हवी, साधी लवकर बसते. तसं नाही. चारही चाकांना ताकद इंजिन देतं. बॅटरीचं मुख्य काम स्टार्टर फिरवणं. विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), गाडीतला फ्रिज किंवा स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं) असेल तर एजीएमचे पैसे जरूर वसूल होतात, कारण ती वारंवार उतरणं आणि हादरे जास्त सोसते. आपला 45 अंशांचा मे महिना मात्र दोन्हींचं आयुष्य खातो.

खर्चाआधी बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत, इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4. चालू इंजिनावरही 12.5च दिसत असतील, तर आधी अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा), त्याचा पट्टा आणि टर्मिनलवरचा पांढरट-हिरवा थर बघा. दोष तिथे असेल तर महागडी बॅटरीही उतरेलच.