आभाळ भरलं म्हणून ‘क्लाउड’ बंद पडत नाही

“कंपनीचा हिशेब क्लाउडवर नेला की उपग्रहात जातो, ढग आले की उघडत नाही,” असं आमच्या यवतमाळकडच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यांमध्ये ऐकू येतं. नावच तसं, गैरसमज होणारच.

हिशेब असतो जमिनीवर, मुंबई-हैदराबादसारख्या शहरांतल्या डेटा सेंटरमध्ये, म्हणजे मोठमोठे संगणक (सर्व्हर) ठेवलेल्या इमारतींत. तिथवर मुख्यतः फायबर केबलनं जातो. पावसात अडतं ते इथलं. लाइन जाते, टॉवर बंद पडतो, नाहीतर नाली खोदताना जेसीबी केबल तोडतो. (तो उन्हाळ्यातही तोडतोच.)

पडताळायचं असेल, तर फाइल उघडली नाही की बाहेरगावच्या शाखेत फोन लावा. तिथं ती बहुधा उघडते. दुसरं, ढगाळ दिवशी मुंबईतल्या सर्व्हरला ‘पिंग’ करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा. सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहापर्यंत जाऊन यायला प्रकाशालाही जवळपास पाव सेकंद लागतो. चांगल्या फायबरवर उत्तर त्याच्या कितीतरी आधी येतं.